बारा घोडे, चार सईस आणि तरी वेळ पुरत नाही: रायडिंग स्कूलचा दिवस कसा बसवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पनवेलजवळ नेरे रस्त्याला भाड्याच्या जागेत रायडिंग स्कूल. बारा घोडे, चार सईस (घोड्यांची निगा राखणारे), एक प्रशिक्षक आणि तुम्ही नवरा-बायको. पहाटे पाचला लागलेलं काम रात्री नऊपर्यंत आवरत नाही. सातची बॅच साडेसातला सुरू होते, शनिवार-रविवारी पालक गाडीला टेकून घड्याळ बघत उभे. आणखी दोन माणसं ठेवावीत की एखादं अ‍ॅप घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

दिवाळीपर्यंत दोन्ही नको. बारा घोड्यांना चार सईस म्हणजे माणशी तीन घोडे, एवढ्यात काम व्हायला हवं. तुम्ही दिलेला नकाशा आणि वेळापत्रक बघून मला दोन गोष्टी दिसल्या. तुमचा दिवस बॅचच्या वेळांवर बेतलाय आणि घोड्यांचं खाणं मधल्या फटींत कोंबलंय. ते उलटं हवं. दुसरं, तुमची माणसं काम करतात त्याहून जास्त चालतात. घोडबंदर रोडच्या बाजूला मी बरीच वर्षं हेच करते आहे, तेव्हा आपल्या हवेत आणि आपल्या ट्रॅफिकमध्ये जे टिकलं तेवढंच सांगते.

आधी पोट. घोड्याचं जठर देहाच्या मानाने लहान, ८ ते १५ लिटरचं. त्यात आम्ल सतत झिरपत असतं, पोटात काही असो वा नसो. एकदा पोटभर खाऊन मग रवंथ करत बसायची सोय त्याला नाही, दिवसाचे बरेचसे तास थोडंथोडं चरत राहायला तो घडलाय. तुमच्याकडे रात्री आठला वैरण पडते आणि त्यानंतर थेट सकाळी साडेसहाला दाणा. म्हणजे साडेदहा तासांत वैरणीचा ढीग कधीच संपलेला, घोडा उपाशी. असा घोडा सकाळी तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना कान मागे टाकतो, चावायला येतो, पोट आखडून घेतो. सईस त्याला ‘नखरेल’ म्हणतो. खोगीर चढवायला पाच मिनिटांच्या जागी पंधरा लागतात, आणि तुमची सातची बॅच तिथेच सुटते. अल्सर झालेत का हे डॉक्टर बघतील, पण वेळापत्रक बदलायला तेवढ्यासाठी थांबायची गरज नाही.

आमच्याकडे पहाटे पावणेपाचला प्रत्येकाला किलोभर वाळलेलं गवत पडतं, बाकी काही नाही. कामाआधी पोटात थोडी वैरण असली की आम्ल वर उसळत नाही. दाणा मात्र कामानंतरच. साडेसहाला दाणा देऊन सातला दुडकी हाणायची हे घोड्याच्या पोटाशी वैर आहे. दाण्यानंतर तास-दीड तास तरी जड काम नको. सव्वासहा ते नऊ सकाळच्या बॅच. पावणेदहाला, सगळे थंडावले की, पहिला दाणा. बाराला वैरण, एकला थोडा दाणा, मग साडेतीनपर्यंत तबेल्यात कोणी पाऊल टाकायचं नाही. ना पालक, ना गवताची गाडी, ना वेल्डर. घोडे झोपतात आणि माणसंही. पावणेपाचपासून संध्याकाळच्या बॅच, साडेसातला शेवटचा दाणा, आठला दिवसातली सगळ्यात मोठी वैरण, दहाच्या फेरीत जिथे संपली असेल तिथे आणखी एक पेंढी. दहाची फेरी पाळीने असते आणि ती चुकवलेली चालत नाही.

४०० किलोच्या घोड्याला दिवसाला सगळं मिळून साधारण ८ किलो वाळलेलं खाणं लागतं, वजनाच्या दोन टक्के. त्यातला मोठा वाटा वैरणीचा. दाणा एका वेळी दोन किलोंच्या वर कधीच नको, म्हणून तीन वेळा विभागलेला.

हे सगळं तुम्हाला माहीत असेल. पण तुमच्याकडे दाणा डब्याने मापला जातो, आणि तुमच्या दाण्याच्या खोलीचा फोटो बघताना माझी नजर त्या डब्यावरच अडकली. दोन लिटरचा पत्र्याचा डबा घ्या. ओट्सने भरला तर किलोभर भरतो, हरभऱ्याने भरला तर दीड किलो, गव्हाच्या कोंड्याने भरला तर जेमतेम अर्धा. एका सईसने ‘दोन डबे’ म्हणजे ओट्सचे समजायचे आणि त्याच्या सुट्टीला आलेल्याने हरभऱ्याचे, हे रोज घडतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मग एखादा घोडा आठवड्याभरात तापट होतो, एखादा मरगळतो, आणि प्रशिक्षक बिचारा लगामात दोष शोधत बसतो. खुंटीला ताणकाटा टांगा. बारा झाकणाच्या बादल्या घ्या, प्रत्येकीवर घोड्याचा रंग. रात्री साडेआठला एकाच माणसाने पुढच्या दिवसाचा सगळा दाणा वजन करून भरायचा. कोरडाच. भिजवलेला हरभरा आपल्याकडे मे महिन्यात रात्रीत आंबतो, तेव्हा तो सकाळी लागेल तेवढाच त्या-त्या वेळी. झाकण घट्ट हवं, कारण उंदीर. उंदराच्या मुतातून लेप्टो पसरतो, तो घोड्यालाही होतो आणि सईसलाही. तीन वेळची मापामापी एका बैठकीत उरकली की दिवसाचा तासभर सुटतो. दाणा वाटायला मग बारा बादल्या आणि एक हातगाडी, दहा मिनिटं.

आता पायपीट. तुमच्या नकाशात टॅक रूम, म्हणजे खोगीर-लगाम ठेवायची खोली, गेटजवळ, ऑफिसला लागून आहे, कारण सामान महागाचं आणि नजरेसमोर असावं. बॉक्सची, म्हणजे घोड्यांच्या खोल्यांची, रांग तिथून साठ मीटर. एक घोडा तयार करायला सईस खोगीर आणायला जातो, मग ब्रायडल (लगामासकट डोक्याचा साज), मग तंग विसरला म्हणून परत. काम झाल्यावर ठेवायला पुन्हा. चार फेऱ्या धरा. एका फेरीचे जाऊन-येऊन १२० मीटर, म्हणजे एका रपेटीमागे ४८० मीटर. दिवसाला अठरा रपेटी असतील तर साडेआठ किलोमीटर झाले, नुसते खोगिरासाठी. ठाणे स्टेशन ते डोंबिवलीच्या निम्म्याहून जास्त वाट माणसं रोज खोगीर काखेत मारून चालतात, आणि आपण म्हणतो मुलं सुस्त आहेत.

टॅक रूम बॉक्स आणि रिंगणाच्या मध्ये आणा. जागा नसेल तर बॉक्सच्या रांगेतला मधला एक बॉक्स रिकामा करून तिथेच करा. महागडी स्पर्धेची खोगिरं ऑफिसजवळच्या कुलपात राहू देत, रोजची इथे. प्रत्येक घोड्याचा एक खांब: वर खोगीर, खाली ब्रायडल, बाजूला तंग आणि पॅड, सगळ्यावर त्याच रंगाची पट्टी. खोगीर चढवायची जागा म्हणजे दोन्ही बाजूंनी दोर लावता येईल असे दोन-तीन चौकोन, टॅक रूमच्या दारातच. घोडा चालत येतो, सामान हाताच्या अंतरावर. लगामाची कडी वापरून झाली की तिथल्याच बादलीत बुचकळून पुसायची, लाळ वाळू द्यायची नाही. संध्याकाळी बारा लगाम घासत बसण्यापेक्षा हे सोपं.

रंगांचा आग्रह धरते, कारण आमच्याकडे कोणी राजस्थानातून आलाय, कोणी उत्तर प्रदेशातून, एकजण मुरबाडचा. सगळ्यांना मराठी वाचता येईलच असं नाही आणि घोड्यांची नावं आपण पालकांसाठी इंग्रजी ठेवतो. लाल पट्टी म्हणजे लाल पट्टी, त्यात भांडण नाही. बादली, खरारा, दावं, घोंगडी, सगळं त्या रंगाचं. याचा दुसरा फायदा असा की एकाची खरूज किंवा दाद दुसऱ्याला लागत नाही; आपल्या दमटात कातडीचे रोग खराऱ्याच्या ब्रशवरूनच तबेलाभर फिरतात.

पाण्याचा हिशेबही पायाशीच येतो. घोडा दिवसाला २५ ते ५० लिटर पितो, उन्हाळ्यात वरच्या आकड्याकडे. बारा घोड्यांचे चाळीसने धरले तर ४८० लिटर, पंधरा लिटरच्या बत्तीस बादल्या, नुसत्या पिण्याच्या. तुमच्याकडे एकच नळ, टाकीखाली. दर दोन बॉक्समध्ये एक नळ काढा. प्लंबरचा दोन दिवसांचा खर्च आहे आणि तुमच्या प्रश्नातल्या ‘आणखी दोन माणसां’पैकी एकाचं अर्धं काम तो नळ करेल. आपोआप भरणारी भांडी मला विचाराल तर नकोत. सोयीची आहेत, पण घोड्याने रात्रभरात किती पाणी प्यायलं हे त्यात दिसत नाही, आणि पोटदुखीची पहिली खूण बहुतेक वेळा न संपलेली बादली असते. टाकी मात्र दोन दिवसांची हवी. घोडबंदरला टँकरवर दिवस काढणाऱ्या सोसायट्या आम्ही रोज बघतो. पाइपलाइनच्या दुरुस्तीचा शटडाऊन जाहीर झाला की टँकरवाला पहिले टॉवरकडे जातो, तबेल्याकडे नाही.

सफाईचा क्रम बदला. तुम्ही पाचला चारही माणसं लावून बाराच्या बारा बॉक्स साफ करता, घोडे आत असताना. घोड्याला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवत लीद काढायला दुप्पट वेळ जातो, आणि अंधारात फावड्याचा दांडा पायाला लागायची भीती वेगळी. पाचला फक्त वरवरची लीद उचला. घोडा कामाला बाहेर गेला की त्याचा बॉक्स पूर्ण साफ, पेंढा उलटा-सुलटा, ओला भाग बाहेर. सव्वासहाच्या बॅचचे पाच घोडे बाहेर असताना त्यांचे पाच बॉक्स दोघं आरामात करतात. ज्यांना सुट्टी आहे ते घोडे त्या वेळात मोकळ्या पॅडॉकमध्ये (कुंपणाच्या आवारात).

आता कटू भाग. तुमच्या वेळापत्रकात शनिवारी काही घोड्यांना चार-चार रपेटी लावल्यात. बारापैकी दोन म्हातारे, एक लंगडत असलेला. म्हणजे कामाचे नऊ. शिकाऊ मुलांच्या घोड्याला दिवसाला पंचेचाळीस मिनिटांच्या दोन बॅच, आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी, यापलीकडे मी जात नाही. नऊ दुणे अठरा, सहा दिवसांच्या एकशे आठ. ही तुमच्या शाळेची क्षमता. यापेक्षा जास्त फी घेतली असेल तर ती धावपळ कोणताही सईस भरून काढू शकणार नाही, कारण तुम्ही नसलेले घोडे विकलेत. शनिवार-रविवारची गर्दी बुधवार-गुरुवारच्या संध्याकाळी वळवा, फीमध्ये थोडी सवलत देऊन. नेरुळ-खारघरचे पालक आठवड्याच्या मधल्या दिवशीही येतात, असा माझा अनुभव आहे. ठाण्याचे नाही येत, त्यांना ट्रॅफिक पुरतं. आणि उशिरा आलेल्याची बॅच लांबवायची नाही. पुढचा घोडा वाट बघत उन्हात उभा असतो.

सोमवार बंद ठेवा, पूर्ण बंद. मंगळवारी नालबंद. सहा आठवड्यांनी प्रत्येक घोड्याचे खूर व्हायला हवेत, बारा घोडे आहेत, म्हणजे दर मंगळवारी दोन घोडे आणि सहा आठवड्यांत फेरा पूर्ण. एका दिवशी बाराच्या बारा उरकायचे म्हणून नालबंदाला बोलावलं की तो दिवस जातोच, शिवाय शेवटच्या चार घोड्यांच्या वेळी त्याची कंबर मोडलेली असते आणि ते खुरात दिसतं.

फळ्याबद्दल. टॅक रूमच्या दारावर खडूचा काळा फळा लावा. पांढरा चकचकीत फळा आणि मार्कर पावसाळ्यात ओल्या बाहीने पुसला जातो, कोणाच्या लक्षातही येत नाही. बारा ओळी, प्रत्येकीच्या डोक्याशी रंग. रकाने मोजकेच: सकाळचं तापमान, आज कोणत्या बॅच, कोण सईस, औषध. ‘शेरा’ असा रकाना ठेवू नका, त्यात लोक काहीही लिहितात किंवा काहीच लिहीत नाहीत. त्याऐवजी नियम करा: दाणा उरला, पाणी उरलं, लीद कमी पडली, पाय गरम लागला, यातलं काहीही दिसलं तर फळ्यावर त्या घोड्याच्या ओळीत खडूने गोल. गोल काढलेला घोडा तुम्ही किंवा प्रशिक्षकाने स्वतः बघितल्याशिवाय कामाला जात नाही. लिहिता न येणाराही गोल काढू शकतो. गोल काढला म्हणून सईसला कधी बोलू नका, उगीच काढला असला तरी.

तापमान रोज का? निरोगी घोड्याचं ३७.५ ते ३८.५ सेल्सिअसच्या आत असतं. आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे सर्रा होतो. त्यात ताप येतो, जातो, पुन्हा येतो, घोडा हळूहळू खंगतो. रोजचा आकडा नसेल तर मधला ताप हातातून निसटतो. एका घोड्याला एक मिनिट लागतं. नाडी विश्रांतीत २८ ते ४४, श्वास मिनिटाला ८ ते १६, हे आकडे दारावर रंगवूनच टाका. पोटदुखीत लोळणाऱ्या घोड्याची नाडी ६० च्या वर गेली की प्रकरण गंभीर. डॉक्टरला फोन करताना ‘घोडा बरा नाही’ असं सांगण्यात आणि ‘नाडी ५६, ताप नाही, चार तासांत लीद नाही, उजव्या कुशीत आवाज नाही’ असं सांगण्यात फार फरक आहे. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयापासून तुम्हीही लांब आणि मीही. संध्याकाळी सहाला वाशीच्या पुलावर किंवा घोडबंदरला अडकलेल्या डॉक्टरला गाडीतून ठरवता यायला हवं की काय करायला सांगायचं. बॉक्सच्या रांगेत एक बॉक्स आजाऱ्यासाठी कायम रिकामा ठेवा, वर लख्ख दिवा आणि सलाईन टांगायला कडी. नवा घोडा सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणा की रेसकोर्सवरून निवृत्त झालेला घ्या, तीन-चार आठवडे वेगळा, त्याची बादली वेगळी, त्याला बघणारा सईस शेवटी त्याच्याकडे जाणारा. ग्लँडर्ससाठी रक्ताची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे होते. तो माणसालाही होणारा आणि सरकारला कळवायलाच लागणारा रोग आहे, तिथे ओळखीवर घोडा घेऊ नये.

आता हवा. परदेशी पुस्तकांत एक सोपं गणित दिलेलं असतं: फॅरनहाइटमधलं तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज. १३० च्या आत असेल तर घोडा स्वतःला आरामात थंड करतो, १५० च्या वर गेली की घामाने भागत नाही, १८० ला काम बंद. गणित चांगलं आहे, पण आपल्याकडे लावून बघा. मे महिन्यातली सकाळ सहाची वेळ: २८ अंश म्हणजे ८२ फॅरनहाइट, आर्द्रता ८५ टक्के. बेरीज १६७. म्हणजे ज्या वेळेला आपण ‘गार सकाळ’ म्हणतो तीही पुस्तकाच्या हिशेबाने धोक्याच्या पट्ट्यात. डिसेंबरात तेच १३५ च्या आसपास येतं. एप्रिल ते ऑक्टोबर आपण १५० च्या खाली जवळजवळ जातच नाही. म्हणून सकाळची वेळ निवडून काम संपत नाही, कामच छोटं करावं लागतं. मे आणि ऑक्टोबरात पंचेचाळीस मिनिटांच्या बॅचमध्ये दुडकी आणि कँटर (संथ दौड) मिळून पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको, बाकी कदम चाल, बसणं सुधारणं, खोगीर घालायला शिकवणं. मुलांना हेही शिकायचंच असतं. काम संपून दहा मिनिटांनी सावलीत नाडी ६० च्या खाली आली नाही तर दुसरी बॅच रद्द.

थंड करायला पाणी ओतत राहा, मानेवर, छातीवर, मांड्यांच्या आत. तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतलं की अंग धरतं, ही समजूत अजून सईसांच्या डोक्यात घट्ट आहे आणि तिच्यापायी घोडे नुसते फिरवत ठेवले जातात. पाणी, सावली आणि पंखा, याच क्रमाने. आणि रेसकोर्सवरून आलेल्या थरोब्रेड घोड्यांवर डोळा ठेवा: काही घोड्यांना दमट हवेत घाम येणंच बंद होतं. बाकीचे निथळतायत आणि एक कोरडा, नाकपुड्या फुगवून धापा टाकतोय, असं दिसलं तर त्याला आळशी नव्हे, आजारी समजा. मारवाडी-काठियावाडी माझ्या अनुभवात उन्हाला बरे, पण चिखलाला वैतागतात.

एप्रिल संपत आलाय, तेव्हा पावसाचं आत्ताच. बारा घोड्यांना रोज शंभरएक किलो गवत, महिन्याला तीन टन. जून ते सप्टेंबर मुरबाड-शहापूर-वाड्याकडून वाळलेलं गवत कोरडं मिळणं मुश्कील, आणि मिळालं तरी ट्रक अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळेत चेकनाक्याला भिजत उभा. मेच्या पहिल्या पंधरवड्यात निदान दहा टन भरून घ्या. लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून हातभर लांब, बॉक्सच्या छपराखाली नको. आग लागली तर घोडे आणि गवत एका छपराखाली नसावेत. बुरशीचा वास आलेली पेंढी ‘आतून चांगली आहे’ म्हणून वापरायची नाही, खोकला आणि पोटदुखी दोन्ही तिथून येतात. रिंगणाच्या कडेचा चर मेमध्येच मोकळा करा. रिंगणातल्या क्रश सँडमध्ये (दगड फोडून केलेल्या वाळूत) बारीक पूड जास्त असेल तर तीच उन्हाळ्यात धूळ आणि जुलैत चिखल होते. पूड नसलेली मागा, महाग पडली तरी. छप्पर असलेलं रिंगण नसेल तर किमान पंधरा मीटरचं गोल लंजिंगचं (लांब दोरीवर घोडा फिरवायचं) रिंगण पत्र्याखाली आणा, पावसाळ्यातली निम्मी फी त्यावर वाचते.

खुरांना जुलै-ऑगस्टमध्ये दिवसातून दोनदा उकरणी, आणि ती खोगीर चढवायच्या चौकोनातच, बाहेर पडताना आणि परतताना. खुराच्या तळव्याला काळा घाण वास आला की सडायला लागलंय. टॅक रूममध्ये एक छोटा एक्झॉस्ट आणि रात्रभर बल्ब, नाहीतर चामड्यावर आठवड्यात हिरवी साय. पावसाळ्यात शिकाऊ बॅचला सिंथेटिक खोगिरं वापरा, चामडं सप्टेंबरपर्यंत विश्रांतीला.

लीद. बारा घोड्यांची दिवसाला दोनशे किलोच्या पुढे, शिवाय ओला पेंढा. तुमचा उकिरडा नैर्ऋत्येला आहे आणि पावसाळी वारा तिकडूनच येतो, म्हणजे चार महिने वास आणि माश्या थेट बॉक्समध्ये. ईशान्येला हलवा. उबेत माशीचं अंडं ते माशी हे चक्र आठवडा-दहा दिवसांत पूर्ण होतं, तेव्हा पाच दिवसांच्या आत ढीग उचलला गेला पाहिजे. पनवेल परिसरात नर्सऱ्या भरपूर, फुकट दिली तर गाडी तेच आणतात; वार ठरवून द्या. शेजारच्या फार्महाऊसवाल्यांची तक्रारही त्यानेच मिटेल.

शेवटी अ‍ॅप आणि माणसं. अ‍ॅप बुकिंगसाठी घ्या, पुढेमागे. एकशे आठ रपेटींची मर्यादा त्यात घातली की ते तुमच्या वतीने ‘नाही’ म्हणेल, आणि पालकांना नाही म्हणणं तुम्हाला जड जातं हे तुमच्या वेळापत्रकात दिसतंच आहे. तबेल्यातलं काम मात्र फळ्यावरच राहू दे, ओल्या हातांनी मोबाईल कोणी काढत नाही. काटा, रंग, फळा आणि सफाईचा क्रम हे या आठवड्यात होईल. नळ आणि टॅक रूम मे संपायच्या आत. उकिरडा आणि गवत पाऊस लागायच्या आधी. इतकं झाल्यावर दिवाळीत पुन्हा मोजा. तेव्हाही माणूस लागलाच तर पाचवा सईस घेऊ नका. दुपारी तीन ते आठ फोन उचलणारा, फी घेणारा आणि पालकांना बॉक्सच्या रांगेपासून लांब बसवणारा एक जण घ्या. सध्या ते काम तुमचा प्रशिक्षक रिंगणाच्या मधोमध उभा राहून करतोय.